काष्टीचा बाजारभाव ई-मेलने

काष्टी गावच्या शनिवारच्या बाजारातले जनावरांचे भाव हजारो पशुपालकांना ई-मेलने कळवायचे, तर महागडी सेवा लागत नाही. भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर ‘लिस्टमंक’ बसवा. कैलाश नाध या भारतीय प्रोग्रामरचे हे सॉफ्टवेअर मोफत आहे; पत्ते आणि मजकूर ते सांभाळते.

खरी अडचण पत्र पोहोचवण्याची. नव्या सर्व्हरवर जीमेल भरवसा ठेवत नाही. म्हणून ते काम ॲमेझॉन एसईएस या ई-मेल पाठवणाऱ्या सेवेकडे द्यावे. हजार ई-मेलना साधारण दहा सेंट पडतात. पाठवणारा खरा असल्याची खूण म्हणून डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या नोंदी कराव्यात. जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून त्या सक्तीच्या केल्या आहेत. विकतची पत्त्यांची यादी मात्र कधीच वापरू नका. बाजारात शेतकऱ्याला विचारूनच त्याचा पत्ता नोंदवा.