बीव्हरच्या मुलखाची सनद

इंग्लंडच्या ज्या दुसऱ्या चार्ल्स राजाने लग्नात आंदण मिळालेली मुंबई १६६८ साली दहा पौंडांच्या वार्षिक खंडावर ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली, त्याच्याच अमदानीत, त्याच वर्षीच्या जून महिन्यात, ‘नॉनसच’ नावाचे एक लहानसे गलबत लंडनहून उत्तर अमेरिकेतील हडसन उपसागराकडे निघाले. पुढल्या वर्षी ते बीव्हरची कातडी भरून परतले; आणि २ मे १६७० रोजी राजाने आपला आतेभाऊ रुपर्ट व त्याचे भागीदार यांस सनद लिहून दिली. त्या उपसागराला मिळणाऱ्या यच्चयावत नद्यांचे खोरे, म्हणजे आजच्या कॅनडाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मुलूख, त्यातील बहुतांश कोणाही इंग्रजाने पाहिलेला नसताना, हडसन बे कंपनीस बहाल झाला. खंड एवढाच की, राजा किंवा त्याचा वारस तेथे पायधूळ झाडील तेव्हा दोन एल्क व दोन काळे बीव्हर नजर करावे. क्री, डेने आदी जे लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते, त्यांची संमती घ्यावी असे कोणास सुचले नाही.

हा सारा खटाटोप टोपीसाठी होता. बीव्हरच्या अंगावर वर राठ लांब केस आणि त्याखाली दाट, मृदू लव असते. लवेच्या तंतूंना सूक्ष्म काटे असल्याने ते परस्परांत गुंतून उत्कृष्ट नमदा बनतो. राठ केस काढणे जिकिरीचे. म्हणून एतद्देशीयांनी हिवाळाभर वापरलेले, अंगच्या घर्षणाने वरचे केस झडलेले आणि घामातेलाने लव मऊ पडलेले जुने पांघरूणच कोऱ्या कातड्याहून महाग विके. लंडन-पॅरिसचे शिष्टजन परक्याच्या घामात मुरलेली लोकर डोक्यावर मिरवीत, हे त्यांच्या ध्यानी आले असेल असे वाटत नाही.

कंपनीचे गुमास्ते किनाऱ्यावरील वखारींत बसत. माल होड्यांतून नेटिव्हच आणीत, आणि बंदूक, किटली, कांबळे यांचे मोल पैशांत नव्हे, बीव्हरच्या उत्तम कातड्यांत मोजले जाई. अशा व्यापाराला जंगल हवे असते, नांगर नको असतो. तरीही १८११ मध्ये कंपनीने लॉर्ड सेल्कर्कला रेड नदीकाठी स्कॉटिश कुळे वसविण्यास जमीन दिली. वसाहतीच्या गव्हर्नरने १८१४ साली पेमिकन, म्हणजे सुकविलेल्या मांसाची चरबीयुक्त शिदोरी, प्रांताबाहेर नेण्यास मनाई केली. मॉन्ट्रियलच्या प्रतिस्पर्धी नॉर्थ वेस्ट कंपनीचे नावाडी त्याच शिदोरीवर जगत, आणि ती पुरविणारे मिश्रवंशीय मेटी लोक तर तिच्यावरच पोट भरीत. वैर धुमसत गेले. जून १८१६ मध्ये सेव्हन ओक्स येथे नवा गव्हर्नर सेंपल आपल्या वीस माणसांसह मारला गेला. १८२१ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या.

पुढे रेशमी टोपीची टूम निघाली, बीव्हरचा भाव उतरला, आणि कंपनीने ३,००,००० पौंडांस तो मुलूख कॅनडाला देण्याचा करार केला. हस्तांतरण पुरे होण्यापूर्वीच, ऑक्टोबर १८६९ मध्ये, मेटींच्या शेतांतून मोजणीदारांची साखळी फिरू लागली, तेव्हा लुई रिएल व त्याच्या सोबत्यांनी तिच्यावर पाय ठेवून मोजणी थांबविली; त्यांच्या प्रतिकारातूनच १८७० साली मॅनिटोबा प्रांत निर्माण झाला. कंपनीने मात्र सुपीक पट्ट्यातील विसावा हिस्सा करारातच स्वतःकडे राखून ठेवला होता, आणि जिने दोन शतके जंगल सांभाळले तीच आता येणाऱ्या शेतकऱ्यांना जमिनीचे तुकडे विकू लागली.