टाचेतला थेंब आणि बंद लागलेला फोन

बाळाच्या पाचवीला पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, अशी समजूत. त्याच दिवसांत बाळाला आणखी एका कागदाची गरज असते, आणि त्यावर मात्र बाळाच्या रक्ताचे ठिपके लागतात.

हा कागद टीपकागदासारखा जाड असतो, त्यावर वर्तुळं छापलेली. बाळ ४८ तासांचं झालं की सिस्टर त्याची टाच आधी शेकून उबदार करते, कडेला टोचते, पहिला थेंब पुसते आणि दुसरा नीट मोठा झाला की कागदाला टेकवते. एका वर्तुळात एकच थेंब, तोही मागच्या बाजूपर्यंत झिरपला पाहिजे. टाच पिळायची नाही, नाहीतर रक्त पातळ होतं आणि आकडा चुकतो. मग कागद आडवा ठेवून सावलीत तीन-चार तास सुकवायचा. सुकलेला कागद साध्या पाकिटातून पोस्टानंही जातो. प्रयोगशाळेत त्यातून जेमतेम तीन मिलिमीटरची टिकली कापून जन्मजात आजारांसाठी तपासतात.

ही युक्ती अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केली. आपल्याकडे मुंबईच्या वाडिया रुग्णालयातल्या डॉ. मीना देसाई यांनी १९८०च्या दशकातच नवजात बाळांची थायरॉइड तपासणी हाती घेतली होती. गोव्यात २००८मध्ये सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं मुंबईसह अनेक केंद्रांत लाखभर बाळं तपासली, तेव्हा साधारण ११३० बाळांमागे एकाला जन्मजात थायरॉइड हार्मोनची कमतरता निघाली.

असं बाळ जन्मतः छान दिसतं, कारण पोटात असताना आईचं हार्मोन त्याला थोडंफार मिळालेलं असतं. ‘किती शहाणं आहे, रडतसुद्धा नाही,’ असं आजी कौतुकानं म्हणते, आणि ती सुस्ती कधी कधी आजाराचीच असते. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची स्वस्तातली गोळी सुरू झाली, तर मेंदूची वाढ सांभाळली जाते. उशीर झाला तर गेलेलं परत आणता येत नाही.

भोसरी-चाकण पट्ट्यात मला खरी काळजी वाटते ती थेंब घेतल्यानंतरची. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीतल्या खोल्यांत राहणारी कंत्राटी कामगारांची कुटुंबं ठेका संपला की घर बदलतात, सिमकार्डही बदलतं. बाळंतीण माहेरी लातूरला किंवा बीडला गेलेली असते, नवरा रात्रपाळीला. रिपोर्टमध्ये काही निघालं आणि फोन बंद लागला, तर त्या ठिपक्याचा काय उपयोग?

काही जणी तर ४८ तासांच्या आतच घरी जातात. जन्मानंतर टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं हार्मोन, आपोआप उसळी घेतं, म्हणून फार लवकर घेतलेला नमुना फसवू शकतो. घरी सोडलं असेल, तर तिसऱ्या दिवशी भेटीला येणाऱ्या आशाताईंना विचारा, ‘टाच कुठे टोचून मिळेल?’ ठिपक्यांच्या कागदावर दोन फोन नंबर लिहा, एक माहेरचा. पुन्हा तपासणीला बोलावलं म्हणजे आजार आहेच असं नाही. बऱ्याचदा दुसरा रिपोर्ट चांगला येतो. पण बोलावणं आलं की रजेची वाट न बघता, बाळाला घेऊन त्याच दिवशी निघा.