सोळा वर्षांची थकबाकी

बँकेच्या नोकरीत चौतीस वर्षे घालवलेल्या माणसाला थकबाकीचे भय वाटत नाही. पाच-पाच वर्षे हप्ता न भरलेल्या कर्जदाराच्या ओसरीवर बसून मी चहा प्यालो आहे. पण २०२५ च्या जून महिन्यात, सांगलीतल्या आमच्या घरी, संगणकाच्या पडद्याच्या तळाशी जी ओळ उमटली ती वाचून मात्र मी चष्मा पुसला. ‘१६ वर्षे आणि २३ आठवडे मागे’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते, आणि थकबाकीदार होता आमचाच संगणक.

त्याचे असे झाले. माझा धाकटा भाऊ पुण्यात एका संगणक कंपनीत होता. तो अचानक गेला. त्याच्या कपाटात एक पेन ड्राइव्ह सापडला, त्यात ‘वॉलेट’ नावाची एक फाइल. आणि विम्याच्या जुन्या डायरीत शेवटच्या पानावर एक सांकेतिक वाक्य व अक्षर-आकड्यांचा एक लांबलचक पत्ता. बिटकॉइनचा. २०१४ साली त्याला हा नाद लागला होता हे मला ठाऊक होते, कारण त्यासाठी माझ्याकडूनच त्याने दहा हजार रुपये उसने नेले होते आणि मी त्याला “हा सट्टा आहे” असे चांगले चारचौघांत सुनावले होते. पुढे तो विषय दोघांनीही काढला नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले, तेव्हा मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो; ते परिपत्रक मी मोठ्या समाधानाने फाइलला लावले. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले, आणि २०२२ पासून सरकार अशा नफ्यावर ३० टक्के कर घेऊ लागले. सरकार ज्यावर कर घेते ते अगदीच हवेतले नसावे, इतपत मी मनाशी कबूल केले होते.

भावजय आली ती पुतणीला बरोबर घेऊन. पुतणी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फीचा विषय कोणी काढला नाही. पण तो खोलीत होताच.

पुतणीने आधी त्या फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी काढून ठेवल्या. (हे पहिले काम, बाकीचे सगळे नंतर.) मग डायरीतला पत्ता इंटरनेटवर टाकून पाहिला. बिटकॉइनची वही सर्वांना उघडी असते, पत्ता दिला की शिल्लक दिसते. शिल्लक शून्य.

“जाऊ द्या, भाऊजी,” भावजय म्हणाली. “नव्हतं नशिबात.”

“आई, थांब गं,” पुतणी म्हणाली, “बाबांनी थोडे खर्च केले असतील तर उरलेले या पत्त्यावर परत येतच नाहीत.”

तिने समजावले ते असे. शंभराची नोट मोडली की सुटे पैसे आपण दुसऱ्या खिशात टाकतो. त्या काळची ही पाकिटे आधीच शंभर किल्ल्या करून ठेवीत, आणि मोड परत आली की तिच्यासाठी त्यांतलीच एक निराळी किल्ली, म्हणजे निराळा पत्ता, आपल्या मनाने वापरीत. तो पत्ता डायरीत कशाला असणार? तो फक्त त्या फाइलला ठाऊक. फाइल संपूर्ण वहीशेजारी मांडून ताळा घेतल्याखेरीज खरी शिल्लक कळायची नाही. त्या किल्ल्या काढून एखाद्या हलक्या पाकिटात भरण्याचीही एक वाट होती. हलके पाकीट स्वतः वही ठेवीत नाही, दुसऱ्याच्या सर्व्हरला विचारते, आणि आज नव्याने सुरुवात करणाऱ्या बहुतेकांना तेवढे पुरते. पण किल्ल्या एकेक बाहेर काढायच्या म्हणजे सांडलवंड आलीच. भावाने वापरलेला मूळ प्रोग्राम, बिटकॉइन कोअर, याचीच ताजी आवृत्ती घ्यावी असे ठरले. घरचा जुना संगणक होता, ८ जीबी रॅमचा, १ टेराबाइटच्या फिरत्या हार्ड डिस्कचा. सुरू केला, आणि ती थकबाकीची ओळ आली.

या वहीचे पहिले पान ३ जानेवारी २००९ चे. तेव्हापासून सरासरी दर दहा मिनिटांना एक पान लागते. त्याला ब्लॉक म्हणतात. जून २०२५ पर्यंत पाने झाली होती ९ लाखांच्या घरात आणि वजन ६०० गिगाबाइटच्या वर. नवा संगणक जगभरातल्या इतर संगणकांकडून ही सगळी पाने मागवतो आणि पहिल्या पानापासून प्रत्येक नोंद स्वतः तपासतो. कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही, हीच या व्यवस्थेची मूळ अट. मला हे फार आवडले. आमच्या वेळचे ऑडिटर इतके चोख असते तर पुष्कळ शाखाधिकाऱ्यांना झोप लागली नसती.

पहिली वर्षे भराभर गेली. २००९, २०१० ची पाने जवळजवळ कोरीच. तेव्हा व्यवहार करायला माणसे कुठे होती? दुपारच्या चहापर्यंत आम्ही २०१२ ओलांडले. दुसऱ्या दिवशी २०१५. मग गाडी रुतली. तासाला होणारी प्रगती पडद्यावर शतांशात दिसू लागली, आणि उरलेल्या वेळेचा अंदाज दिवसांवरून आठवड्यांवर गेला.

इथे मी शहाणपणा केला. इंटरनेट मंद आहे असे ठरवून कंपनीला फोन केला, दोन माणसांशी भांडलो आणि ५० एमबीपीएसच्या जागी २०० चा प्लॅन घेतला. काडीचाही फरक पडला नाही. बाजारातल्या एका संगणक दुकानदाराने वेगळाच तोडगा सुचवला: “फाइल आणि पासवर्ड ठेवून जा, संध्याकाळपर्यंत काढून देतो.” सही केलेला कोरा चेक काउंटरवर ठेवून जेवायला जाण्यातलाच हा प्रकार; मी नमस्कार करून परतलो.

शनिवारी पुतणी आली. तिने टास्क मॅनेजर उघडला आणि बोट ठेवले. “काका, बघा. नेटवर्क जवळजवळ रिकामं. प्रोसेसर पंधरा टक्के. आणि डिस्क?” डिस्क शंभर टक्के.

तेव्हा माझ्या ध्यानात आले, आणि ते बँकेच्या भाषेतच आले. एखादी नोंद पैसे खर्च करते तेव्हा ‘हे पैसे खरोखर आहेत का, आधीच खर्च तर झाले नाहीत ना’ हे पाहावे लागते. त्यासाठी प्रोग्राम न खर्चलेल्या रकमांची एक वेगळी नोंदवही ठेवतो. तिच्यात दहा कोटींहून जास्त नोंदी आणि वजन दहा गिगाबाइटच्या वर. प्रत्येक पानावरच्या हजारो ओळींसाठी या वहीत शोधायचे, खोडायचे, नवे लिहायचे. आता असे समजा, नमुना सह्यांची कार्डे वरच्या मजल्यावरच्या कपाटात आहेत आणि प्रत्येक चेकसाठी शिपायाला जिना चढावा लागतो. फिरत्या डिस्कचा तो दांडा म्हणजे आमचा शिपाई. सेकंदाला शंभरएक खेपा, याहून जास्त त्याच्याने होत नाहीत. मी इंटरनेट वाढवले म्हणजे काय केले? दारात रांग वाढवली.

उपाय मग सरळ होते. पहिला फुकटचा. प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये डेटाबेस कॅश म्हणून एक आकडा असतो. आमच्याकडे तो ४५० मेगाबाइट होता. म्हणजे काउंटरवर कार्डांचा ट्रे एवढासा. पुतणीने तो ४००० केला. रॅम ८ जीबी असल्याने अर्धी विंडोजला राहू दिली. सगळीच दिली तर संगणक रॅमचे काम पुन्हा डिस्कवर ढकलतो आणि आपण होतो तिथेच येतो. शिवाय संगणकाचे आपोआप झोपी जाणे बंद केले, आणि अँटिव्हायरसला या फोल्डरमध्ये ढवळाढवळ करू नकोस म्हणून सांगितले. हे नुसते वेगासाठी नव्हे. २०१४ च्या मे महिन्यात ‘स्टोन्ड’ नावाच्या जुनाट व्हायरसची खूण कोणीतरी खोडसाळपणे या वहीत नोंदवून ठेवली होती, आणि मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस वहीलाच रोगी समजू लागला होता! व्हायरस जिवंत नव्हता. पण पहारेकऱ्याला कोण समजावणार?

वेग तिपटीने वाढला. रविवारी रात्री आम्ही २०१७ मध्ये होतो. पहाटे वीज गेली. सकाळी पाहतो तो मंडळी पुन्हा २०१६ मध्ये! ट्रेमध्ये केलेल्या खुणा कपाटात लिहून ठेवण्यापूर्वीच दिवे गेले, तेव्हा तेवढे काम पुन्हा. मोठ्या कॅशची ही किंमत आहे. आमच्या इन्व्हर्टरवर देवघराचा दिवा होता आणि संगणक नव्हता. सौभाग्यवतींच्या परवानगीने ती वायर बदलून घेतली.

तरी जिना होताच. शेवटी १ टेराबाइटची एसएसडी आणली. हिच्यात फिरणारे काहीच नाही. खेपा शंभरांत नव्हे, हजारांत मोजाव्या लागतात. प्रोग्राम रीतसर बंद करून, तो बंद होईपर्यंत धीर धरून, सगळा फोल्डर तिच्यावर हलवला. (पैसे कमी असतील त्याने लहान एसएसडी घ्यावी, नोंदवही तिच्यावर आणि जाडजूड पाने जुन्या डिस्कवर, अशी विभागणी करण्याची सोय प्रोग्राममध्ये आहे.) वहीची तयार प्रत कोणाकडून तरी उचलून आणण्याचा सल्लाही एकाने दिला होता, पण मग तपासणी त्याची आणि विश्वास आपला. जुनी पाने तपासून झाली की फाडून टाकण्याचीही एक सोय आहे. तिने जागा वाचते, वेळ नाही, कारण उतरवून तपासावे सगळेच लागते; आणि आमच्यासारखे जुने पाकीट नंतर जोडू म्हणाल तर त्याला लागणारी पाने नेमकी फाडलेली निघतात. म्हणून पाकीट आधी जोडावे.

सह्यांच्या बाबतीत मात्र प्रोग्राम थोडी सवलत घेतो हे मला मागाहून कळले. २०१७ पासूनच्या आवृत्त्यांत, एका ठरावीक ओळखीच्या पानापर्यंतच्या जुन्या सह्या तो पुन्हा ताडून पाहत नाही. रकमांचा ताळा मात्र घेतोच. मी आधी नाक मुरडले. पण आमचा संगणक पाहता तक्रार करण्यात अर्थ नव्हता.

एसएसडीवर गेल्यापासून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तळाची ओळ नाहीशी झाली. भावजयीला बोलावून घेतले होते. ती दारापाशीच उभी राहिली. शिल्लक होती ०.०६ बिटकॉइन. पुतणीने मनातल्या मनात गुणाकार केला, कर वजा केला, आणि हळूच म्हणाली, “आई, दोन्ही वर्षं निघतात.”

व्यवहारांच्या यादीत दोनच नोंदी होत्या. एक जमा, एक खर्च. जमा झालेल्या पत्त्याला नाव द्यायची या प्रोग्राममध्ये एक सोय असते. ते नाव जगाच्या वहीत जात नाही, फक्त पाकिटात राहते. भावाने तिथे मराठीत लिहिले होते: ‘दादाचे दहा हजार’.

भावजय पडद्याकडे पाहत होती. “आधी तुमचे द्यायचे, भाऊजी,” ती म्हणाली.

मी काही बोललो नाही. पुतणीने कॅशचा आकडा पुन्हा ४५० केला आणि प्रोग्राम बंद करायला टाकला. “शेवटचं लिहून होईपर्यंत हात लावू नका, काका,” ती म्हणाली. आम्ही तिघेही तिथेच बसून राहिलो.