शस्त्रक्रियेआधीची कसोटी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांवर चादरी आणि टॉवेल विणले जातात. तेथील एखाद्या कामगाराचे डोळे पिवळे दिसू लागले की घरची मंडळी बहुधा प्रथम काविळीच्या झाडपाल्याच्या औषधाकडे वळतात. साधी कावीळ पुष्कळदा आपोआपच उतरते आणि श्रेय औषधाला मिळते. परंतु उतारवयात, पोटात न दुखता चढत जाणारी, अंगाला खाज आणणारी कावीळ ही स्वादुपिंडाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते. अशा रुग्णाचे वाया गेलेले आठवडे कोणतेही विज्ञान भरून देऊ शकत नाही.

जठराच्या मागे दडलेल्या या इंद्रियातील गाठ सहसा उशिरा ध्यानात येते. निदानाच्या वेळी शंभरांपैकी जेमतेम पंधरा-वीस रुग्ण शस्त्रक्रियेस योग्य असतात. त्यांच्यातही गाठ काढल्यावर रोग बहुधा उलटतो. कारण शल्यविशारदाच्या नजरेस न पडणाऱ्या कर्कपेशी आधीच शरीरात पसरलेल्या असतात. म्हणूनच रोग्याच्या स्वतःच्या प्रतिकारपेशींना या शत्रूची ओळख पटवून देता येईल काय, असा प्रश्न संशोधकांपुढे उभा राहिला.

अमेरिकेत ह्यूस्टन येथील बेलर वैद्यकीय महाविद्यालयात या दिशेने प्रयोग झाला आहे. रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी घ्यावयाच्या, कर्कपेशींवर आढळणाऱ्या पाच प्रथिनांची ओळख असलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवावयाच्या आणि त्या परत शरीरात सोडावयाच्या, अशी ही पद्धत आहे. शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णांच्या गटात या पेशी शस्त्रक्रियेपूर्वीही देण्यात आल्या. त्यामागील विचार सरळ आहे. गाठ शरीरात असतानाच पेशी सोडल्या, तर त्यांना शत्रू प्रत्यक्ष भेटतो. आणि नंतर काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्या तेथवर पोचल्या की नाही, हे पाहता येते. नुसत्या रक्ततपासणीतून इतके स्पष्ट उत्तर मिळत नाही.

हे तंत्र भारताच्या आवाक्याबाहेरचे नाही. मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्याने घडविलेली 'कार-टी' पेशींची उपचारपद्धती ४ जून २०२१ रोजी प्रथम एका रुग्णावर वापरली गेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. परदेशातील खर्चाच्या सुमारे एक-दशांश खर्चात ती देता येते, असे त्या वेळी सांगण्यात आले. तथापि हे यश रक्ताच्या काही कर्करोगांतील आहे. रक्तातल्या कर्कपेशी टी-पेशींना सहज गाठता येतात. स्वादुपिंडातील गाठीभोवती मात्र दाट तंतुमय ऊतींचा तट असतो. शिवाय तिच्यावरील ओळखीच्या खुणा निरोगी पेशींवरही आढळत असल्याने नेम चुकण्याचे भय राहते. एका रोगातील यशावरून दुसऱ्यातील यश गृहीत धरता येत नाही. कसोटी घ्यावीच लागते.

ती घेताना काही पथ्ये कटाक्षाने पाळली पाहिजेत. पेशी वाढविण्यास काही आठवडे लागतात. शस्त्रक्रियेपूर्वी रसायनोपचार चालू असतील, तर तेवढ्या अवधीत हे काम उरकता येईल. परंतु केवळ पेशींची वाट पाहत शस्त्रक्रिया लांबविणे हा रुग्णावर अन्याय ठरेल. चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार आणि भरपाई मिळण्याची तरतूद २०१९ च्या औषध-चाचणी नियमांत आहे, तर संशोधनाचा खर्च रुग्णाच्या माथी मारू नये, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे मार्गदर्शन आहे. तेव्हा 'पेशी-उपचार' म्हणून कोणी लाखो रुपये मागू लागला, तर ती चाचणी नोंदणीकृत आहे काय, हे आधी विचारावे. सोलापुरातील अनेक विणकरांच्या घरी तेलुगू बोलली जाते. संमतिपत्र त्यांच्या भाषेत समजावून दिले नाही, तर त्यावरील सहीला अर्थ उरत नाही.

मात्र या साऱ्याचा लाभ रुग्ण वेळेवर पोचला तरच होणार, आणि तेथे सोलापूर जिल्ह्यालाच एक धडा गिरविता येईल. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शी येथे सुरू झाली. तेथील कार्यकर्त्यांनी गावोगावी जाऊन लक्षणांची माहिती दिली, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारांसाठी येऊ लागल्याचे १९९० च्या दशकात नोंदले गेले. त्यासाठी कोणतीही महागडी यंत्रसामग्री लागली नव्हती.

स्वादुपिंडाचा कर्करोग अधिक कपटी आहे. निव्वळ जागृतीने तो आटोक्यात येणार नाही, हे खरे. तरीही चढती कावीळ, कारण नसता घटलेले वजन आणि उतारवयात अचानक जडलेला मधुमेह या खुणा कारखान्यांतील कामगारांना, शाळांतील शिक्षकांना आणि वस्तीतील डॉक्टरांना ठाऊक असणे अशक्य नाही. अशा काविळीत सोनोग्राफी वेळीच झाली, तर कामगार शल्यविशारदापर्यंत वेळेवर पोचेल. शस्त्रक्रियेपूर्वीच्या नव्या उपचाराची कसोटी उद्या महाराष्ट्रात सुरू झाली, तर त्या वेळी शस्त्रक्रियेस योग्य असलेलेच रुग्ण तिच्यात सामील होऊ शकतील. त्यांच्यात यंत्रमागावरचा माणूस असावा, अशी इच्छा असेल, तर काम आजच आणि अक्कलकोट रस्त्यापासूनच सुरू करावे लागेल.