जलद चित्रणाचा हिशेब

ताशी १२६ किलोमीटर वेगाने आलेला क्रिकेटचा चेंडू सेकंदाला ३५ मीटर अंतर तोडतो. सेकंदाला ३० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यात एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत तो मीटरभराहून अधिक पुढे गेलेला असतो. मग बॅटची कड लागली की नाही, हे दिसावे कसे? चित्रे २४० केली की हे अंतर सुमारे १५ सेंटिमीटरवर येते. परंतु ऐन सामन्यात फोनमधील जागा संपली, तर हे सारे व्यर्थच! म्हणून आपण आधी हिशेब मांडू.

एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट धरले, तर सेकंदाला ६० चित्रांसाठी जवळजवळ ३०० कोटी बिट होतात. आठ बिटांचा एक बाइट. या मापाने तासाला १३४४ गिगाबाइट भरतील! म्हणून कॅमेरा संक्षेप करतो. मागची भिंत, खालचे गवत पुन्हा पुन्हा न लिहिता तो मुख्यतः बदल तेवढा नोंदतो. लगतच्या चित्रांत साम्य पुष्कळ, म्हणून चित्रे दुप्पट झाली तरी बिट दुप्पट लागत नाहीत. या आकाराच्या चित्रणासाठी यूट्यूब ३० चित्रांना सेकंदाला ८ मेगाबिट सुचवते, ६० चित्रांना १२, म्हणजे दीडपट.

सेकंदाला खर्च होणाऱ्या या बिटांनाच बिटरेट म्हणतात. त्याला सेकंदांनी गुणावे व आठाने भागावे, की फाइलचा आकार निघतो. १२ मेगाबिटांना मिनिटास ९० मेगाबाइट, तासास ५.४ गिगाबाइट; ध्वनीची थोडी भर निराळी.

गफलत होते ती येथे. बिटरेट १२ वरच बांधून चित्रे ६० ची २४० केली, तर फाइल वाढत नाही. मात्र प्रत्येक चित्राच्या वाट्याला सरासरी २ लाखांऐवजी ५० हजारच बिट येतात. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी ओतावे, तसाच हा प्रकार. ज्या चेंडूसाठी खटाटोप केला, तोच पुसट होतो.

तेव्हा सामन्याआधी त्याच मैदानावर, खेळ चालू असता, मिनिटभर चित्रण करावे. चेंडू स्पष्ट दिसतो ना, हे प्रथम पाहावे. मग त्या फाइलच्या आकारास लागणाऱ्या मिनिटांनी गुणून, वर चौथाई जागा राखावी. एवढी त्रैराशिके आपण शाळेतच शिकलो आहोत.