सव्वाएकवीस, पावणेतीन

सकाळी 6:20

दुकान उघडण्याआधी कड्यावरून समुद्र बघून यायचा, ही सवय मला मालकाने नाही, गिऱ्हाइकांनी लावली. आजची लाट न बघता सर्फबोर्ड विकायला उभी राहिलेली बाई ते दोन वाक्यांत ओळखतात. दक्षिण कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोच्या उत्तरेला एन्सिनिटास आहे, आणि इथल्या सगळ्यात नावाजलेल्या लाटेचं नाव आहे 'स्वामीज'. स्वामी म्हणजे परमहंस योगानंद. 1936 साली ते भारतातून परतले तेव्हा शिष्याने या कड्यावर त्यांच्यासाठी आश्रम बांधून ठेवला होता. त्यांचं सुवर्णकमळ मंदिर कडा खचून 1942 मध्ये गेलं. आश्रम आहे, सोनेरी कळस आहेत, आणि खाली खडकावर उजवीकडे पळणारी लाट आहे.

जानेवारीचं उधाण आहे. इथे हिवाळ्यात उधाणाची भरती सकाळी येते आणि दुपारी पाणी इतकं ओसरतं की खडक उघडे पडतात. आत्ता पाणी जिन्याच्या पायऱ्यांना लागलंय. भरल्या पाण्यात लाट जाड होते, उचलते पण फुटत नाही. सहा फुटी बोर्डवाले नुसते बसून आहेत. नऊ फुटीवाल्यांना मिळताहेत. त्यांच्यात एकजण सात फुटांच्या आसपासच्या बोर्डवर आहे. तो लाँगबोर्डवाल्यांच्या जरा आत बसलाय आणि दर तिसरी लाट घेतोय. आज दुकानात त्याच मापाचे बोर्ड विचारले जाणार.

7:45

शटर, दिवे, कालच्या भाड्याच्या बोर्डांवरचं जुनं मेण खरवडणं. पाणी चौदा-पंधरा अंश आहे, म्हणून थंड पाण्याचं मेण पुढच्या फळीवर मांडलं.

मधल्या मापाचे बोर्ड, इथे ज्यांना 'मिडलेंग्थ' म्हणतात, ते साधारण साडेसहा ते आठ फुटांचे. नऊच्या पुढे लाँगबोर्ड, सहाच्या आसपास शॉर्टबोर्ड. मधला रॅक बराच काळ शिकाऊ आणि भाड्याने बोर्ड नेणाऱ्या लोकांचा समजला जाई. मग इथला डेव्हन हॉवर्ड आणि ऑस्ट्रेलियाचा टॉरेन मार्टिन अशी माणसं त्याच लांबीवर लांबलचक, न धडपडता वळणं घेताना व्हिडिओत दिसू लागली आणि मधला रॅक दाराजवळ आला. व्हिडिओ बघून आलेल्या गिऱ्हाइकाची अडचण एकच: त्याच्या डोळ्यांसमोर डेव्हनची लाट असते, स्वतःची नसते.

8:40

एकोणीस वर्षांचा मुलगा. अजून पांढऱ्या फेसातच उभा राहतो, हवाय साडेसहा फुटी. आठ फुटी फोमचा भाड्याने दिला आणि उन्हाळ्यात ये म्हटलं. हिरमुसला. हजार डॉलर वाचले हे त्याला पुढे कळेल.

10:05

मी फोनवर बहिणीशी बोलत होते. ठेवला तर समोरून, "ताई, तुम्ही मराठी?"

मुलगा ठाण्याचा, वय पस्तिशीच्या आत, टेलिकॉममध्ये नोकरी. पहिल्यांदा बोर्डवर उभा राहिला तो गोव्यात, आश्वेच्या पुळणीवर, कंबरभर लाटेत. इथे आल्यापासून दोन वर्षं नऊ फुटी फोमवर. फोनमध्ये एक्सेलची शीट: वजन 78 किलो, उंची पाच फूट नऊ, सराव 'मध्यम', उत्तर 40 लिटर. त्याला सहा फूट आठ इंची हवा होता, शीटमधून बरोबर तोच निघत होता.

"आठवड्यातून किती वेळा पाण्यात जातोस?"

"दोनदा." मग जरा थांबून, "म्हणजे, गेल्या महिन्यात दोनदा."

शिंप्यासमोर उभं राहिलं की माणूस पोट आत ओढतो, आणि मग शर्ट तंग झाला म्हणून शिंप्यालाच बोलतो. या काउंटरवरही तेच चालतं. शीटमधलं गणित चुकीचं नव्हतं. 'मध्यम' हा शब्द तेवढा चुकीचा होता.

लिटर म्हणजे बोर्डचं आकारमान, जास्त काही नाही. चाळीसच काय, शेचाळीस लिटरचा बोर्डही 78 किलोच्या माणसाला कोरडा तरंगवत नाही. आडवं झालं की अर्धं अंग पाण्यातच असतं, आणि वर उचलतो तो वेग. म्हणून किती लिटर याइतकंच महत्त्वाचं असतं ते लिटर कुठे भरलेत. मी त्याच्यापुढे दोन बोर्ड आडवे ठेवले, दोन्ही शेचाळीसच्या आसपास. एक साडेसहा फुटी, रुंद आणि गुबगुबीत. दुसरा सात फूट दोन इंची. म्हटलं, डोळे मिट आणि कड चाचप. पहिल्याची कड मुठीत मावत नव्हती. दुसऱ्याची वरून गोल येऊन खाली निमुळती झाली होती. लाटेच्या भिंतीत रुतायची असते ती कड. जाडी वाढवणं हा लिटर वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. तो बोर्ड सोप्या लाटेत मजा देतो आणि जरा वेग आला की बुचासारखा उडतो, कड आत जातच नाही. लांबी वाढली की वल्हवताना पाण्यावर सरकणं लांबतं, लाट लवकर पकडता येते. रुंदीमुळे उभं राहताना तोल सांभाळता येतो, पण खूप झाली तर एका कडेवरून दुसरीवर जायला उशीर होतो.

मधल्या लाकडी पट्टीवर, राळेच्या थराखाली, बनवणाऱ्याने पेन्सिलने माप लिहिलेलं असतं. या बोर्डवर होतं सात दोन, सव्वाएकवीस, पावणेतीन. माझे वडील चिपळूणला सुतारकाम करायचे. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, हे हिशेब मला अमेरिकेत येऊन शिकावे लागले नाहीत. त्याचा शीटमधला सहा-आठ होता एकवीस रुंद आणि अडीच इंच एक सूत जाड. म्हणजे जाडीत फरक फक्त एका सुताचा, रुंदीत दोन सुतांचा, खरा फरक लांबीतल्या सहा इंचांचा, आणि त्यातून साडेपाच-सहा लिटर. त्याला वाटत होतं मी त्याला जाडजूड होडी विकतेय.

मग बोर्ड जमिनीवर पालथा ठेवून नाकाची उचल दाखवली, जिला रॉकर म्हणतात. उचल कमी तर बोर्ड लवकर सुटतो, लाट वेळेआधी मिळते. उभ्या, पोकळ लाटेत मात्र तेच नाक खुपसतं. तू कुठे जातोस? घराजवळ, पुळणीवर, कंबर ते छातीएवढ्या लाटेत, आणि कधीतरी कार्डिफच्या खडकावर. मग कमी उचलीचाच घे. सगळ्यात रुंद भाग मध्याच्या जरा पुढे, शेपूट गोल निमुळती. मधलं पातं सात इंची, दोन्ही बाजूंना लहान पाती. लाट लहान असेल तर बाजूची काढून एका मधल्यावर जा, बोर्ड मोकळा पळतो. मधलं पातं खाचेत पुढे सरकवलं तर चटकन वळतो, मागे नेलं तर सरळ धावतो. पन्नास डॉलरच्या पात्याने जे होतं त्यासाठी लोक दुसरा बोर्ड घेतात, आणि हे मी मालकासमोर बोलत नाही.

"पण हा घेऊन डक-डाइव्ह जमेल?"

"नाही, हा लाटेखाली दाबला जात नाही. उलटा होऊन खालून धरायचा आणि फेस वरून जाऊ द्यायचा."

तोंड वाकडं झालं. मोठ्या दिवशी बाहेर पोहोचायला मधल्या मापाचा बोर्ड त्रास देतोच, ते लपवण्यात अर्थ नाही.

सहा-आठ आणि सात-दोन, दोन्ही चाचणीला दिले. पाणी उतरत होतं. म्हटलं, एक तास हा, एक तास तो, आणि आधी सहा-आठ. दमलेल्या हातांनी मोठा बोर्ड आवडणारच, म्हणून या क्रमाने दिला तर निकाल माझ्या बाजूचा लागतो, असं वाटेल. पण दमलेले हात हेच तर त्याचं रोजचं माप आहे.

12:30

डब्यात पोळी आणि मटारची उसळ. दोन घास होतात तोच सत्तरी ओलांडलेले एक आजोबा आले. खांद्याची शस्त्रक्रिया झालेली, इतकी वर्षं सहा फूट चार इंचीवर. 1966 ची जागतिक स्पर्धा त्यांनी शाळकरी वयात इथेच, सॅन डिएगोत, वाळूत बसून पाहिली होती. नॅट यंग नऊ फूट चार इंचांच्या बोर्डवर जिंकला. पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळ्यांनी बोर्ड कापत आणले. त्या घाईत सात-साडेसात फुटांची मापं येऊन गेली आणि कुणी तिथे फार थांबलं नाही. स्किप फ्राय यांच्यासारखे इथले काही कारागीर मात्र अंड्याच्या आकाराचे 'एग' बनवत राहिले.

आजोबांना काय हवं ते पक्कं ठाऊक होतं: छातीखाली फोम, शेपटीत नको. सात फूट आठ, बावीस, मध्यावर तीन इंच. साधारण पंचावन्न लिटर. तयार नव्हता, म्हणून बनवणाऱ्याला द्यायचं कार्ड भरलं. वजन किती लिहू, विचारलं. "ओल्या सूटसकट लिही," म्हणाले. चार-तीन मिलिमीटरचा सूट पाणी धरून काही किलो वाढवतो. हे आपणहून सांगणारं गिऱ्हाईक विरळा.

2:00

मागच्या शेडमध्ये दुरुस्ती. एक सात फुटी, शेपटीला भेग. आधी ठरवायचं बोर्ड कशाचा आहे. जुन्या पद्धतीचा पॉलियुरेथेन आणि पॉलिएस्टर राळेचा, की हलक्या ईपीएस फोमवर इपॉक्सी. पॉलिएस्टर राळ ईपीएसला लागली की फोम विरघळतो आणि खड्डा पडतो. इपॉक्सी दोन्हीवर चालते, म्हणून शंका असली की इपॉक्सी. क्लार्क फोम या कंपनीने 5 डिसेंबर 2005 ला अचानक काम बंद केलं तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक कारागिरांकडे कोरायला फोमच उरला नाही. ईपीएसकडे बरेच जण वळले ते तेव्हा. मापासाठी हे लक्षात ठेवायचं: त्याच लिटरचा ईपीएस बोर्ड पाण्यावर जास्त उंच बसतो, वाऱ्याने खडबडलेल्या पाण्यात थरथरतो. मधल्या मापात मला जरा वजन आवडतं. सरकताना ते पुढे ओढतं.

भेगेला तोंड लावून ओढलं. खारट. आठवडाभर वाळवायला उभा केला.

3:20

एक बाई, पाच फूट तीन, 54 किलो. नवऱ्याने सांगितलंय साडेसात फुटी घे, सुरक्षित आहे. मी विचारलं, कशावर जाता? सहा फूट दोनवर, सहा वर्षं. आठवड्यातून तीनदा. बावीस इंची बोर्ड त्यांच्या काखेत दिला तर बोटं खालच्या कडेपर्यंत पोहोचेनात. वाऱ्याच्या दिवशी तो जिन्यावरून उतरवणं हीच कसरत. त्यांना सहा फूट आठ, साडेवीस, अडीच दिला, सदतीस लिटरच्या आसपास. बोटं कडेला नीट अडकली. बायका या काउंटरवर पोट आत ओढत नाहीत. त्या उलट करतात, सरावाचं विचारलं की एक पायरी खालची सांगतात. त्यांचं माप घेताना मी उत्तरात थोडं वाढवून धरते. नवरा बाहेर गाडीत बसला होता, त्याचं मत विचारायची गरज त्यांनाही वाटली नाही.

4:45

सूर्य बुडायच्या बेतात. ठाण्याचा मुलगा परत आला, ओठ निळे, कानात वाळू.

"सहा-आठवर तीन मिळाल्या. पण ताई, एक वळण असं बसलं ना!"

"आणि सात-दोनवर?"

"मोजल्या नाहीत."

"मग?"

तो सहा-आठकडेच बघत राहिला. मी काही बोलले नाही. हजार डॉलर त्याचे, शनिवारही त्याचे. शेवटी त्याने स्वतःच शीट उघडली, 'मध्यम' खोडून 'महिन्यातून दोनदा' लिहिलं आणि सात-दोनवर हात ठेवला. लीशची दोरी बोर्डच्याच लांबीची, सात फुटी. पट्ट्या, एक मेण.

मग बायकोला फोन. स्पीकरवर.

"अगं, सात फुटी. हो, मागची सीट पाडली की मावतो. बाळाची सीट काढावी लागेल."

"रंग कुठला?"

"मोहरी... पिवळा."

"पांढरा नाहीये?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, पांढरा हवा तर ऑर्डर द्यावी लागेल, सात-आठ आठवडे. आणि पॉलियुरेथेनचा पांढरा बोर्ड उन्हात ठेवत गेलास तर दोन उन्हाळ्यांत तोही पिवळाच होईल.

"ऐकलंस का," तो फोनला म्हणाला, "ताई म्हणतायत पांढराही पिवळाच होतो."

"तुला आजच हवाय ना? मग घेऊन ये. सीट परत नीट बसव फक्त."