टी-पेशींचा लगाम

कर्करोगाची पेशी बाहेरून येत नाही. शरीराच्याच एखाद्या पेशीच्या जनुकांत बिघाड साठत गेले, की ती तयार होते. तरीही प्रतिकारयंत्रणेला ती ओळखता येते, कारण बिघडलेल्या जनुकांमुळे बिघडलेली प्रथिने बनतात आणि त्यांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर दिसू लागतात. टी-पेशींना ते परके वाटले, की त्या अशा पेशीला मारतात. मूत्रपिंड रोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत काही कर्करोगांचे प्रमाण वाढते, ते बऱ्याच अंशी हा पहारा सैल पडल्यामुळे.

या पहाऱ्यातून निसटणाऱ्या पेशीच पुढे वाढतात. काही पेशी ओळख पटवणारे तुकडे दाखवणेच थांबवतात. काहींची युक्ती याहून घातक असते. टी-पेशी अनावर झाल्या तर निरोगी अवयवांवरही तुटून पडतील, म्हणून त्यांच्यावर पीडी-१ नावाचे प्रथिन लगामासारखे असते. समोरच्या पेशीवरचे पीडी-एल१ त्याला जोडले गेले, की टी-पेशी थंडावते. अनेक गाठी हेच पीडी-एल१ मुबलक बनवतात. शत्रू ओळखलेला, सैनिक गाठीपर्यंत पोचलेले, आणि तरीही हल्ला होत नाही!

पीडी-१चा शोध क्योटो विद्यापीठात तासुकु होंजो यांच्या गटाने १९९२ मध्ये लावला. अमेरिकेत जेम्स अ‍ॅलिसन यांनी सीटीएलए-४ हा दुसरा लगाम रोखून उंदरांमधल्या गाठी नाहीशा करून दाखवल्या. दोघांना २०१८चे नोबेल मिळाले. या संशोधनातून आलेली औषधे कर्करोगाला थेट मारत नाहीत, टी-पेशींना मोकळे करतात. म्हणूनच त्यांचे दुष्परिणामही वेगळे: आतडे, थायरॉइड, फुप्फुसे यांवर स्वतःच्याच पेशींचा हल्ला. शिवाय सर्व रुग्णांना त्यांचा गुण येत नाही.

भारतात मोठा अडसर किमतीचा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने त्यावर केलेले काम मोलाचे आहे. पीडी-१ रोखणारे निवोलुमॅब हे औषध एरवी दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात. तिथे डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगात दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम, तोंडी घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीने दिले गेले. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण केवळ तोंडी औषधे घेणाऱ्यांत सुमारे १६ टक्के होते, निवोलुमॅबसह ते ४३ टक्क्यांवर गेले. कमी मात्रेची पूर्ण मात्रेशी तुलना मात्र या चाचणीत केलेली नव्हती.